वाकायचं कमी करा: खेड्यातल्या मुलांकडून अवजार घडवून घेताना

पहिल्या वर्षी मी सिरिंजचा जेसीबी करायला घेतला. पुठ्ठा, सुई काढलेल्या सिरिंजा, सलाईनची नळी, रंगीत पाणी. सातवीची बावीस मुलं, सहा गट, सहा जेसीबी. सगळे एकसारखे आणि सगळे पिवळे. प्रदर्शनात टाळ्या पडल्या, फोटो निघाले. सामान आवरताना एका मुलाच्या वडिलांनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "मॅडम, हे कोन्या कामाचं हाय?" मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी जेसीबीकडे.

तेव्हापासून मी मॉडेल आणि अवजार यांत फरक करते. मॉडेल दाखवायचं असतं, अवजार वापरायचं. मॉडेलला परीक्षक लागतो. अवजाराला घरातलं कोणीतरी लागतं, ज्याची कंबर दुखते, बोट भाजतं नाहीतर ज्याचा हात पोचत नाही. मुलाने केलेली वस्तू त्या माणसाने पुढच्या आठवड्यात, कोणी न सांगता, पुन्हा हातात घेतली का, एवढीच परीक्षा मी आता घेते. खाली लिहिलंय ते त्याच अंगाने.

हे पाचवी ते आठवीच्या मुलांना चांगलं जमतं. चार शनिवार, दरवेळी दीड-दोन तास. तीन-तीन, फार तर चार-चार जणांचे गट. पाच जण झाले की एक जण नुसता बघत बसतो. तुम्ही शिक्षक असायलाच पाहिजे असं नाही. घरच्या दोन पोरांना घेऊन अंगणात बसलात तरी चालतं.

सामान: आधी घर धुंडाळा

मी गटाला 20 रुपयांची हद्द घालून देते. त्याच्यावर एक रुपया नाही. खरं म्हणजे बहुतेक गटांचे दहासुद्धा खर्च होत नाहीत, कारण आपल्या विदर्भातल्या घरात काय नसतं? तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या), बांबूची कामटी, ज्वारीचे धांडे, खराट्याच्या काड्या, खताची धुतलेली चुंगडी (पोती), सुतळी, बांधकामाची बारीक तार, ठिबकची जुनी नळी, तुटक्या चपलांचे तळवे (चाकं फार छान होतात), बिस्किटाच्या बरण्या, रंगाचे रिकामे डबे. आणि पंक्चर झालेली सायकलची ट्यूब. एकच वस्तू जमवायची असेल तर ही जमवा. ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून, ताणून गुंडाळल्या की दोन काठ्या अशा पकडतात की खिळा मारायची गरज पडत नाही. सायकल दुरुस्तीवाले फुकट देतात.

पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, मात्र घेऊ नका. ढिगाने पडलेली असते म्हणून मुलं तीच आधी उचलतात, पण वाळली की ती नेमकी फांदीच्या जोडाशी तुटते. अर्थात एकदा तुटू द्यायला हरकत नाही. पऱ्हाटी आणि तुराटी दोन विटांवर आडवी ठेवून मधोमध पाण्याची बाटली टांगा, बाटलीत पाणी वाढवत जा. कोणती आधी मोडते ते मुलं स्वतः बघतील आणि पुन्हा तुम्हाला सांगावं लागणार नाही.

एका बाबतीत मात्र मी काही ऐकून घेत नाही. कीटकनाशकाचा डबा, बाटली, झाकण, फवारणी पंपाची नळी, यातलं काहीही नको. तीनदा धुतलेलंही नको. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण जवळून पाहिलंय. ज्या डब्यावरचं लेबल निघालंय आणि ज्यात काय होतं हे घरचे छातीठोकपणे सांगू शकत नाहीत, तो डबा परत पाठवायचा.

हत्यारं: कैची, पकड, हातोडी, पेचकस, मोजपट्टी, एखादी जुनी करवत. प्लास्टिकला भोक पाडायला तापवलेला खिळा लागतो. तो पकडीत धरून मोठ्या माणसानेच लावायचा, उघड्यावर, कारण धूर वाईट असतो.

पहिला शनिवार: हात मागे, डोळे पुढे

या दिवशी काहीही बनवायचं नाही. मुलं कुरकुरतात. कुरकुरू द्या.

त्यांना घरी पाठवायचं आणि एका माणसाचं एक काम अर्धा तास नुसतं बघायला सांगायचं. बहीण भांडी घासते, बाबा बैलांना ढेप घालतात, आई तूर पाखडते, आजी निंबोळ्या वेचते. बघताना तीन गोष्टी टिपायच्या: माणूस कुठे थांबतो, कुठे चेहरा आंबट करतो, आणि तेच ते किती वेळा करतो. मोजायचं. "खूप वेळा" लिहिलं तर मी वही परत देते.

परत आल्यावर मुलं सांगतात, "पाणीटंचाई." "प्रदूषण." "शेतकऱ्यांच्या समस्या." हे पुस्तकातलं बोलणं आहे, ते हळूच बाजूला करा. चालणारा प्रश्न एका वाक्यात मावतो आणि त्यात एक माणूस असतो. आमच्या एका गटाने असं लिहिलं होतं: "आजी निंबाखाली निंबोळ्या वेचते. अर्ध्या तासात 19 वेळा कंबर धरून उभी राहिली."

यानंतर पुढचं शिकवायला मला फारसं बोलावं लागलं नाही. आपल्याकडे शाळा उघडते ती जूनच्या शेवटी, उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, आणि निंबोळ्या पडायचा काळही तोच. कपाशीवर फवारायचा 5 टक्के निंबोळी अर्क करायला 5 किलो निंबोळ्यांची भरड आणि 100 लिटर पाणी लागतं. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या म्हणजे किती वेळा वाकणं, याचा हिशेब मुलांनीच मांडला. आकडा एवढा मोठा निघाला की त्यांनी पुन्हा गुणाकार केला.

अटी लिहा, आधी

नवखे लोक इथे घाई करतात. प्रश्न सापडला की लगेच कैची. त्याआधी एक पान अटींचं लिहून घ्या: अवजाराने काय केलंच पाहिजे, आणि काय झालेलं चालणार नाही. किती वजन, किती किंमत, कोण उचलणार, कुठे ठेवणार, किती दिवस टिकलं पाहिजे.

अटी कशा लिहाव्यात हे मी मुलांना चरख्यावरून सांगते, कारण सेवाग्राम आम्हाला जवळ आहे. गांधीजी सेवाग्रामला राहायला आले 1936 साली. त्याच्या सात वर्षं आधी, 1929 मध्ये, त्यांच्याच अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी 1 लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा हलका, सहज नेता येण्याजोगा हवा. खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालला पाहिजे. बाईला फार कष्ट न पडता सलग 8 तास चालवता आला पाहिजे. तेवढ्या वेळात साधारण 16,000 फूट सूत निघालं पाहिजे. किंमत 150 रुपयांच्या वर नको. आणि 20 वर्षं टिकला पाहिजे. बघा, यात "चांगला", "आधुनिक", "उपयुक्त" असले शब्द कुठेच नाहीत. जवळजवळ प्रत्येक अट घड्याळ, फूटपट्टी किंवा पैसे घेऊन तपासता येते.

पुढे येरवड्याच्या तुरुंगात पेटी चरखा आकाराला आला. उभं मोठं चाक जाऊन दोन चाकं पेटीत आडवी बसली, कारण चरखा मिटवून हातात धरून नेता यायला हवा होता. अट बदलली तसा आकार बदलला. वर्ध्यातलं मगन संग्रहालय 1938 पासून आहे. तिथे चरख्यांचे वेगवेगळे प्रकार शेजारी शेजारी पाहता येतात. मुलांना नेता आलं तर न्या, आणि तिथे "कोणता आवडला" असं न विचारता "हा कोणत्या अटीसाठी असा झाला असेल" असं विचारा.

लांब जायला जमत नसेल तर गावातला सायकल डवरा दाखवा, म्हणजे पिकातलं तण काढायचं हाताने ढकलायचं अवजार. सायकलचं जुनं चाक, लोखंडी दांडा, आणि पास म्हणजे तण कापणारं पातं. वेल्डिंगवाल्याला विचारलं की तो दहा मिनिटं सांगतो, दांडा आधी सरळ होता, मग का वाकवला, चाक लहान का घेतलं. त्याच्याइतकं मोलाचं व्याख्यान आमच्या शाळेत आजवर झालेलं नाही.

निंबोळी गटाच्या अटी शेवटी अशा ठरल्या: वाकावं लागू नये. निंबोळी फुटू नये, कारण पिकलेली फुटली की हात चिकट होतात आणि माश्या येतात. माती सोबत येऊ नये. आजीला एका हाताने उचलता यावं. 20 रुपयांच्या आत. पाचवी अट लिहिताना एकाने विचारलं, "दिसाले चांगलं असाव का?" आजीला विचारून यायला सांगितलं. आजी म्हणाली, "दिसाले काय करता बावा त्याले?"

दुसरा शनिवार: कागद, मग काडी

प्रत्येक मुलाने आपलं एकट्याचं चित्र काढायचं. गटाचं नंतर. नाहीतर जो मोठ्याने बोलतो त्याचंच चित्र होतं. चित्रात मापं हवीत, आणि कोणता भाग कशाचा हे बाणाने लिहिलेलं हवं. चित्रकला तपासू नका.

मग लगेच, त्याच दिवशी, पहिलं कच्चं अवजार. पुठ्ठा, धांडे, चिकटपट्टी, जे हाताशी असेल ते. अर्ध्या तासात व्हायला हवं. मुद्दाम घाईचं, कारण ज्यावर तीन तास घातले ते मोडायला जीव धजत नाही.

निंबोळी गटाचं पहिलं अवजार होतं लांब दांड्याची सुपली आणि खराटा. निंबोळ्या आल्या, पण सोबत पाला, माती आणि बकरीच्या लेंड्याही आल्या. दुसरं: तिरकी कापलेली पाण्याची बाटली काठीला बांधून फावड्यासारखी. निंबोळी पुढे पुढे पळते, बाटलीत शिरत नाही. "मॅडम, हे त ढकलूनच रायलं!" हे वाक्य वहीत लिहून घेतलं. ढकलणं नको, तर मग काय? वरून दाबणं. हा शब्द त्यांच्याच तोंडून आला आणि मी गप्प राहिले. या सगळ्या प्रकारात मोठ्या माणसाचं सर्वांत अवघड काम हेच आहे.

तिसरा शनिवार: खरं अवजार

इथे जरा सविस्तर सांगते, म्हणजे तुमच्याकडे काय होईल याचा अंदाज येईल.

रंगाचा एक लिटरचा प्लास्टिक डबा, स्वच्छ धुतलेला. तोंड खाली. तोंडाच्या काठाला समोरासमोर भोकं पाडून सायकलच्या ट्यूबच्या अरुंद पट्ट्या एकाच दिशेने, एकमेकींना समांतर ताणून बांधल्या. डबा निंबोळीवर दाबला की रबर बाजूला सरकतं, निंबोळी आत जाते, रबर परत मिटतं आणि ती बाहेर पडत नाही. कल्पना एवढीच. पुढचे दोन तास गेले ते दोन पट्ट्यांमध्ये किती फट ठेवायची यावर.

पहिल्यांदा बोटभर फट ठेवली. निंबोळी आत जायची आणि उचलल्यावर तशीच खाली. मग पट्ट्या जवळ घेतल्या, तर आत जाता जाता चिरडायची. मुलांनी वीस निंबोळ्या ओळीत ठेवून मोजपट्टीने मापल्या. लांबी वेगवेगळी, पण जाडी बऱ्यापैकी सारखी. फट जाडीपेक्षा थोडी कमी हवी, हे तिथे कळलं. शेवटी मापाला पेन्सिल घेतली: दोन पट्ट्यांमध्ये पेन्सिल अलगद बसेल एवढी फट. पेन्सिल सगळ्यांकडे असते, हा मापाचा फायदा.

मग दांडा. बांबू डब्याच्या बाजूला बांधला होता. वरून दाबलं की डबा तिरका व्हायचा आणि अर्ध्याच पट्ट्या जमिनीला टेकायच्या. गटातली एक मुलगी बराच वेळ डबा हातात फिरवत बसली. नंतर तिने दांडा उचलून डब्याच्या पाठीवर मधोमध धरला आणि दाबला. सरळ. पाठीला भोक पाडून दांडा आत घातला, खाली-वर खाच करून रबर आवळलं. बल कुठून लावलं म्हणजे कुठे पोचतं, हा धडा आठवीच्या पुस्तकात शोधायला मी त्यांना नंतर पाठवलं. आधी नाही. आधी धडा सांगितला असता तर त्यांनी तो पाठ केला असता.

एक गोष्ट इथे बजावते. हातोडी आणि करवत मुलगे पळवतात आणि मुलींकडे येतं रंगवणं, चिकटवणं, "सुंदर अक्षरात नाव लिहिणं". हे आपोआप होतं आणि आपल्या लक्षातही येत नाही. मी दर वीस मिनिटांनी हत्यारं फिरवते, घड्याळ लावून. भांडणं होतात. होऊ देते.

आणि तुमचे स्वतःचे हात? पाठीमागे बांधा. मुलगा वाकडं बांधतोय हे दिसत असतं, आपल्याला एका झटक्यात सरळ करता येत असतं. करू नका. धोका असेल तेव्हाच हात लावायचा. बाकी वेळी तीन प्रश्न पुरतात: काय झालं? कुठे झालं? आता काय बदलशील? एकावेळी एकच गोष्ट बदलायला सांगा. दोन बदलल्या आणि अवजार चाललं, तर कशामुळे चाललं हे कळत नाही.

मोडवही

प्रत्येक गटाची एक वही. तिच्यात फक्त मोडलेलं, घसरलेलं, फसलेलं लिहायचं. तारीख, काय मोडलं, नेमकं कुठे, त्यावेळी काय चाललं होतं, पुढे काय बदललं. चित्रासकट. वर्षाच्या शेवटी मी गुण देते ते या वहीला. जिच्यात एकही नोंद नाही त्या गटाने एकतर काही केलेलं नसतं किंवा वडिलांनी करून दिलेलं असतं. दुसरा प्रकार ओळखायला सोपा आहे, त्याचे खिळे फार सरळ असतात.

चौथा शनिवार: ज्याचं काम त्याच्या हातात

मुलांनी आपणच आपलं अवजार तपासायचं नाही. ते जपून धरतात, त्याची खोड सांभाळून घेतात. अवजार आजीच्या हातात द्यायचं, कसं वापरायचं ते सांगायचं नाही, आणि बघायचं. ती उलटं धरत असेल तर चूक आजीची नाही.

आम्ही देवळामागच्या निंबाखाली गेलो. आधी हाताने दोन मिनिटं, मग अवजाराने दोन मिनिटं, मोजणी दोन्हीची. मुलांनी वेचून पाहिलं तेव्हा हात जिंकला, आणि चांगल्या फरकाने. गटाचे चेहरे पडले. "फेल झालं, मॅडम." मग आजीची पाळी. तिचंही अवजाराने थोडं कमीच भरलं. पण दोन मिनिटं संपली तरी ती थांबली नाही. दुसऱ्या बाजूला गेली, पाराला वळसा घातला, डबा भरला तेव्हाच परत आली. "मले वाकाव नाई लागलं ना." मुलांनी अटींचं पान काढून पाहिलं. त्यावर "जलद" असं कुठे लिहिलेलंच नव्हतं.

दुसऱ्या चाचणीत मात्र खरी खोट निघाली. पाऊस पडून गेल्यावर तेच अवजार वावराच्या धुऱ्यावर नेलं. आपली काळी माती! चार वेळा दाबलं की पट्ट्यांवर चिखलाचा थर, आणि निंबोळी आत जायच्या ऐवजी मातीत रुतते. टणक अंगणात चालतं, ओल्या जमिनीवर नाही. हेही मोडवहीत गेलं, "कुठे वापरू नये" या नावाने.

पुढे काय घ्यायचं

हंगाम बघून निवडा, प्रश्न आपोआप समोर येतो. पोळ्याच्या सुमारास तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे मुलांच्या पोळ्याचे, लाकडी बैल निघतात. त्यांची चाकं वाकडी का पळतात, हा पाचवीला पुरणारा विषय आहे. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी: ओटी भरली की सगळं ओझं मानेवर येतं, ते कमरेवर कसं घ्यायचं. हिवाळ्यात बोरं आणि चिंचा, उंचावरचं खाली न आपटता उतरवायचा झेला. मार्च-एप्रिलमध्ये गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे मोहफुलं वेचली जातात, तिथे पुन्हा वाकण्याचाच प्रश्न, पण फूल निंबोळीपेक्षा नाजूक, म्हणून रबराची युक्ती जशीच्या तशी चालेल असं धरू नका. लहान वर्गांना सुरुवातीला धांड्यांची बैलगाडी करू द्या, ती त्यांना आजोबाच शिकवतील. मग त्या गाडीवर एक वीट ठेवून शाळेच्या दारापर्यंत न्यायला सांगा.

निंबोळीच्या अवजाराचं पुढे काय झालं ते सांगते. पंधरा दिवसांनी गट आजीकडे गेला, वापरते का ते बघायला. वापरत होती. डबा दाराशी टेकवलेला, पट्ट्यांना वाळलेला गर लागलेला. पण दांडा दीड वीत आखूड. आजीने विळ्याने तो कापून टाकला होता आणि वरच्या टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. गटातला एक जण जवळजवळ रडकुंडीला आला, "आमचं खराब केलं!" आजी म्हणाली, "मी का तुयाएवढी उंच हावो का रे?"

मुलांनी आजीला भिंतीशी उभं करून मापलं. मोडवहीतली त्या दिवशीची नोंद एवढीच आहे: दांडा, आमच्या उंचीने घेतला होता. आजीला विचारलं नव्हतं.